बाजार भरतो म्हणून घोडा सापडतो

अक्कलकोट संस्थानाला इंग्रजांच्या दिमतीला घोडेस्वारांची तुकडी ठेवावी लागे. १८६८ मध्ये ती तुकडी मोडली आणि तिच्याऐवजी संस्थान दरसाल १४,५९२ रुपये भरू लागलं. साताऱ्याच्या शाहू महाराजांनी मुलासारखं वाढवलेल्या फत्तेसिंह भोसल्यांना मिळालेलं हे गाव घोड्याच्या पाठीवरच मोठं झालं होतं. तुकडी गेली, पण घोडा गेला नाही. तो टांग्याला लागला. अक्कलकोट रोड स्टेशनावर उतरलेल्या भाविकांना दहा-अकरा किलोमीटर आत, स्वामी समर्थांच्या दारापर्यंत आणू लागला. पुढे एसटी आली, वडाप आलं, टांगाही मोडला. तेव्हा घोडा लग्नाच्या वरातीत जाऊन उभा राहिला.

आमच्या नात्यातले आबा याच वाटेनं आलेले. त्यांच्या वडिलांचा टांगा होता. आबा स्वतः वरातीच्या घोड्या बाळगतात. त्यांची पुतणी जनावरांची डॉक्टर आहे. घरात सगळे तिला ताई म्हणतात, आबा तायडे म्हणतात. यंदा आबांना नवी घोडी घ्यायची आहे. दिवाळीच्या पाडव्याला अकलूजच्या बाजार समितीचा घोडेबाजार सुरू होतो. तिथून ते हात हलवत परत आले आणि आता मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेला निघायचं म्हणतात. ताई म्हणते, जाऊ नका. तेवढ्यावर ती थांबत नाही. हे बाजारच बंद व्हायला हवेत, असं तिचं मत आहे. दोघांचं बोलणं मी शेजारी बसून ऐकलं आणि मध्येमध्ये त्यात पडलोही. एका घोडीपेक्षा मोठा विषय त्यात निघाला, म्हणून ते इथं मांडतो आहे.

आबा : अकलूजला घोड्या नव्हत्या असं न्हाई. पंजाबचे नुकरे हाईत, मारवाडी हाईत, काठेवाडी हाईत. एकेकाला वेगळा मांडव, पंखा, दोन-दोन मोतद्दार. भाव विचारला आन् गप माघारी फिरलो. मला वरातीत बँडपुढं शांत उभी राहणारी घोडी पायजे. बंगल्यापुढं बांधून मिरवायची न्हाई.

ताई : मग माळेगावला काय निराळं मिळणार?

आबा : तिथं गरिबाचा बाजार हाय. खंडोबाच्या यात्रेत एकीकडं घोडी, एकीकडं गाढवं, उंट हाईत, कुत्री बी हाईत. लाखाचा घोडा बघणारा येतो तसा तट्टू बघणारा धनगर बी येतो. दोघं एकाच धुळीत फिरत्यात.

ताई : आणि सौदा उपरण्याखाली!

आबा : झाकून हात धरला म्हणजे चोरी न्हवं. चारचौघांत भाव फुटला की विकणाऱ्याचा मान जातो, आन् पुढच्या गिऱ्हाइकाला बी आकडा कळतो. बोटं दाबून सांगायचं. पटलं तर इसार, न्हाई तर रामराम.

ताई : आबा, आता लोक मोबाइलवर घोडी बघतात. व्हिडिओ येतो, बोलणं होतं, गाडी दारात येते. शेकडो जनावरं एका माळावर गोळा करायची गरजच काय? पंजाबातून इथवर आणायचं म्हणजे दीड हजार किलोमीटरच्या वर ट्रकमध्ये उभं ठेवायचं. मी उतरतानाचे घोडे बघितलेत. पाय सुजलेले असतात, वाटेत पाणी कमी पडून पोटशूळ उठलेला असतो.

आबा : व्हिडिओत घोडी लंगडती का? दाखवणारा लंगडी बाजू दाखवंल व्हय? अगं, घोडीला हात लावल्याबिगर कळत न्हाई. डाव्या अंगानं जायचं, मानेवर हात ठेवायचा, ती कानं कशी करती ते बघायचं. मग ओठ वर करून दात. अडीच वर्षाला मधले दोन दुधाचे पडतात, साडेतीनला शेजारचे, साडेचारला कडेचे. पाचाला तोंड भरतं. त्याच्या फुडं दातातली काळी खळगी किती बुजली त्यावरनं वय. एखादा हेडी ती खळगी कोरून काळी करून ठेवतो, म्हातारी घोडी जवान म्हणून खपवायला. ते बोटाला कळतं, फोटोत कळत न्हाई. मग चारी खूर उचलून बघायचे, नालाभोवती मुठीनं ठोकायचं. दुखत असंल तर पाय ओढती. आन् शेवटी मागं ढोल वाजवायला सांगायचं. बुजली तर माझ्या कामाची न्हाई.

आबांचं हे बोलणं मी एरवीही ऐकलं आहे, पण ते घोडी पारखताना बघणं वेगळंच. तेव्हा ते बोलत नाहीत. घोडीच्या श्वासाशी आपला श्वास जुळवून उभे राहतात आणि बराच वेळ काहीच करत नाहीत. विकणारा घाई करू लागला की समजायचं, काहीतरी लपवतोय.

ताई : देवमण बघता, ते राहिलं. गळ्यावर केसांचा एक भोवरा असला की भाव चढतो. चारी पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा असला की पंचकल्याण. आणि भोवरा भलत्या जागी निघाला की चांगलं धडधाकट जनावर खोडीचं ठरतं, कुणी घेत नाही. मग ते कुणाच्या हाती जातं? जो त्याला मरेस्तोवर राबवील त्याच्या.

आबा : मी खोड मानत न्हाई. पण नवऱ्या मुलाचा चुलता मानतो. घोडी दारात आली की पहिलं कपाळ बघतो.

ताई : तुम्ही दात बघता, मी जिभेखाली बघते. गेल्या एका बाजारात एक काळी घोडी होती, दिसायला देखणी. तोंड उघडलं तर ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना चिरा, आणि जिभेवर जुन्या जखमांचे पांढरे वण. काट्याचा लगाम. भारवाहू जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत, त्यांत काट्याचा लगाम बंद केलेला आहे. तरी बाजारात तो उघड टांगून विकायला होता. बाजेवर नाचणारा घोडा बघून लोक टाळ्या वाजवतात, नोटा उधळतात. चार पायांचं जनावर दोरीच्या बाजेवर पाय उचलायला कसं शिकतं, हे त्यांतल्या एकानं तरी विचारलंय का?

आबा : माझी घोडी बाजेवर चढत न्हाई.

ताई : तुमची नाही. मी बाजाराचं बोलतेय.

या जागी आबांकडे उत्तर नव्हतं आणि त्यांनी ते बनवलंही नाही. माझ्या मते इथं ताईचं म्हणणं पूर्ण खरं आहे. काट्याचा लगाम ही परंपरा नव्हे. कमी दिवसांत घोडा ताब्यात आणून चढ्या भावानं विकायची ती सोय आहे. आबांच्या वडिलांनी टांग्याचा घोडा वर्षभर हातानं फिरवून तयार केला होता, हे आबाच सांगतात.

ताई : आणि ग्लँडर्स. तुम्हाला वाटतं मी उगाच भीती घालते. नाकातून चिकट शेंबूड, कातडीवर गाठी, त्या फुटून जखमा. ज्या हौदात हे घोडं तोंड घालतं त्याच हौदात पुढचं घालतं. हा रोग घोड्यापासून माणसालाही होतो आणि मोतद्दाराच्या जिवावर बेतू शकतो. रक्त हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जातं. अहवाल पक्का आला की उपचार नाही. २००९ च्या कायद्याप्रमाणे घोडं मारून खोल पुरायचं. मालकाला भरपाई मिळते, पण तिच्यात दुसरं घोडं येत नाही. म्हणून लोक जनावर लपवतात.

आबा : लपवणारच. ज्याचं पोट त्या घोड्यावर हाय त्यो रक्त द्यायला कशाला उभा राहील?

ताई : तेच म्हणतेय. मग कशाला बाजार? तसेही घोडे उरलेत किती? २०१९ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टू मिळून तीन लाख चाळीस हजार निघाले. आधीच्या गणनेपेक्षा ४५ टक्क्यांहून जास्त घट. गाढवं तर एक लाख चोवीस हजारांवर आली, ६१ टक्के घट. ज्याची गरज संपली ते जनावर शौकासाठी टिकवायचं आणि त्याला परंपरा म्हणायचं, हे मला पटत नाही.

आबा : गरज कुणाची संपली? तुझी-माझी. भीमेकाठच्या धनगराची संपली का? दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघतो. तट्टाच्या पाठीवर भांडी, वाघूर, अंथरूण, चालता न येणारी कोकरं, आन् वर एखादं पोर. शेताच्या बांधानं टेम्पो जाईल का? ज्यो भीमथडी घोडा म्हणून आता सरकारनं मानला, त्यो कुणी जगवला? सरदारांचे वाडे पडले तवा त्यो धनगराच्या बिऱ्हाडाबरोबर चालत होता.

भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं अलीकडेच नोंदवली आहे. भीमा आणि नीरा या नद्यांच्या खोऱ्यातला हा बुटका, काटक, थोड्या चाऱ्यावर भागवणारा घोडा मराठ्यांच्या स्वाऱ्यांत दौडला. भीमा अक्कलकोट तालुक्याच्या दक्षिण सीमेवरूनच वाहते. अकलूजच्या मांडवात पंख्याखाली उभा असतो तो बहुधा हा घोडा नव्हे. तिथं उंच, बाकदार कानांचा मारवाडी शोभतो. आपला घोडा शोधायचा तर बाजाराच्या स्वस्त टोकाला जावं लागतं, जिथं कॅमेरा जात नाही. सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीला भरणाऱ्या यात्रेत चेतक महोत्सव सुरू झाल्यापासून तंबू आले, स्पर्धा आल्या, घोड्यांच्या कोटींच्या किमतींच्या बातम्या आल्या. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण बाजार जिवंत आहे की नाही हे मी कोटीच्या घोड्यावरून ठरवणार नाही. तट्टू घ्यायला आलेल्या माणसाला तिथं दावण मिळते का, यावरून ठरवीन.

आबा : आन् बाजार काय नुसता घोड्यांचा असतो? मार्गशीर्षात माळेगाव, पौष पुनवेला जेजुरी, होळी झाली की मढी. वैदू, कैकाडी, बेलदार, वडार, गोपाळ, सगळे त्या वाटेनं फिरणारे. जेजुरीला गाढवांचा बाजार, काठेवाडी गाढवं येत्यात, दुवान-चौवान म्हणत दातावर भाव. वर्षभर ज्याचा पाल आज इथं उद्या तिथं, त्याला आपला भाऊ कुठं भेटणार? सोयरीक कुठं जुळणार? कोण मेलं, कोण जन्माला आलं, हे सगळं तिथंच कळायचं.

ताई : आणि जातपंचायतही तिथंच बसायची. तेही सांगा. मढीला, माळेगावला, जेजुरीला. नवऱ्याला सोडलं म्हणून बाईला दंड, दुसऱ्या जातीत लग्न केलं म्हणून घर वाळीत. त्या बाईला विचारा ना, यात्रा गोड लागायची का! २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला तो हौसेनं केला नाही.

आबा : पंचायत वाईट, म्हणून यात्रा वाईट?

ताई : जिथं सगळी जमात एकत्र येते तिथंच तिला धाकात ठेवता येतं. दोन्ही एकाच दावणीला बांधलेलं आहे, आबा.

ताईचं हे वाक्य मला टाळता येत नाही, आणि तरी तिच्या निष्कर्षाला मी जात नाही. फिरत्या माणसांनी एकत्र येऊ नये, असं ज्यांना ज्यांना वाटलं त्यांनी त्यांचं भलं केलेलं दिसत नाही. इथून चाळीसेक किलोमीटरवर सोलापुरात त्याचा पुरावा आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे मुंबई इलाख्यातही आला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणात माणसं कोंडली गेली. जन्मानंच गुन्हेगार ठरलेली माणसं. रोज हजेरी, बाहेर जायचं तर परवाना. कायदा देशभर रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. त्या वस्तीला लोक आजही सेटलमेंट म्हणतात. कुंपणातल्या माणसाला यात्रा नव्हती. पंचायतीचा जुलूम मोडायचा तर त्या बाईच्या बाजूनं उभं राहावं लागतं. माणसांची भेटायची जागा मोडून तो जुलूम संपत नाही, आडोशाला जातो.

मी दोघांना ॲपलबीची गोष्ट सांगितली. उत्तर इंग्लंडमध्ये ईडन नदीकाठचं हे लहान गाव. जूनच्या सुरुवातीला तिथं रोमा आणि ट्रॅव्हलर लोकांचा घोडेबाजार भरतो. साधारण १७७५ पासून भरत आला आहे. रोमांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी आपल्याच उपखंडातून पश्चिमेकडे गेले. तिथं पोरं घोड्यांना नदीत घालून धुतात, मग रस्त्यावर दौडवून चाल दाखवतात, आणि सौदा हातावर हात मारून होतो. गावातले लोक दरवर्षी कुरकुरतात. त्याच देशात २०२२ च्या एका कायद्यानं परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जागेत गाड्या लावून तळ ठोकणं काही परिस्थितींत फौजदारी गुन्हा झालं. वर्षभर कुठं थांबायचं हा प्रश्न असलेल्या माणसांना त्या जूनच्या आठवड्यात थांबायला जागा असते.

आबा : नदीत घोडी धुतात म्हणजे आपल्यासारखंच की.

ताई : तिथं जनावरांचे डॉक्टर असतात का?

असतात. प्राणिरक्षणाचं काम करणारी आरएसपीसीए, पोलीस, स्थानिक प्रशासन आणि त्या जमातींचे प्रतिनिधी आधीपासून बसून बाजाराची आखणी करतात. घोडा थकलेला दिसला तर तिथल्या तिथं थांबवतात. हे ऐकून ताई काही वेळ बोलली नाही. मग तिनं जे सांगितलं ते तिच्या आधीच्या म्हणण्याच्या उलट दिशेनं जाणारं होतं, आणि ते तिला कळतही होतं.

ताई : आमची खरी अडचण सांगू? समजा एखादं घोडं ग्लँडर्सचं निघालं. मग आसपासची सगळी घोडी, तट्टं, गाढवं तपासायची. गावातली सापडतात. पाल टाकून राहिलेली माणसं तोवर उठून गेलेली असतात. आमच्या नोंदवहीत पहिला रकाना गावाचा. त्यांना गाव विचारलं की ते सांगतात, पण वर्षातून किती दिवस ते त्या गावात असतात? लसीकरणाचं तेच, धनुर्वाताच्या इंजेक्शनाचं तेच. खुराला गंज लागलेला खिळा घुसलेलं गाढव मी बघते तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

आबा : मग त्यांच्या नावापुढं माळेगाव लिही.

ताई : तिथं ते चार-पाच दिवस असतात.

आबा : पण असत्यात! दरसाल असत्यात. तुझ्या मोबाइलवर सौदा झालेली घोडी कुठनं आली, कुठं गेली, तुला ठाऊक हाय का? बाजारात पावती फाटती. घेणारा, देणारा, घोडीचा रंग, खूण, सगळं त्या पावतीवर. बाजार बंद केलास तर घोडी विकायचं थांबणार न्हाई. रात्रीच्या टेम्पोत विकली जाईल आन् तुला शेंबडाचं घोडं दिसणारच न्हाई.

ताई : ते मला पटतंय. पण तपासणीचं टेबल मुख्य मांडवाशेजारी लावून उपयोग नाही. तिथं येतात ते घोडे आधीच तपासून, कागद घेऊन येतात. टेबल गाढवांच्या रांगेत पाहिजे, तट्टांच्या रांगेत पाहिजे. आणि पैसे घ्यायचे नाहीत.

आबा : हां. आन् काट्याचा लगाम इकणाऱ्याचं दुकान पहिल्या दिवशी उचला. मी सांगतो कुठं बसत्यात ते.

ताई : तरी अहवाल यात्रेत मिळत नाही, आबा. रक्त हिसारला जाऊन यायला वेळ लागतो. तोवर जनावर विकलं गेलं, मालक निघून गेला.

आबा : माळेगावला रक्त घे. त्यातले कितीतरी जण पौष पुनवेला जेजुरीला भेटतील. तिथं कागद दे. तिथं न्हाई आलं तर मढीला येईल. लोक ठरल्या वाटेनं फिरत्यात, तुझ्या खात्यानं बी त्या वाटेनं फिरावं.

ताई : आणि मधल्या दोन आठवड्यांत? त्या घोड्यानं दहा हौद बाटवले असतील.

आबा : हौदावर सोडायचंच न्हाई मग. ज्याची त्याची बादली, ज्याचा त्याचा तोबरा.

ताई : ऐकतील?

आबा : पाणी हौदात सोडलंस तर कोण बादली काढील? टँकरला नळ लाव, हौद कोरडा ठेव. आपोआप बादली निघती. धनगराकडं, वैदूकडं, सगळ्यांकडं बादली हाय.

ताईनं आबांच्या हिशेबाच्या वहीतलं एक पान फाडून घेतलं आणि वर लिहिलं, माळेगाव, गाढवांची रांग. खाली टँकर किती, नळ किती, रक्ताच्या नळ्या किती, बर्फाचा डबा कोण आणणार. जातपंचायतीचा विषय मिटलेला नाही. तो ती माळेगावात आबांच्या ओळखीच्या बायकांशी बोलून पुन्हा काढणार आहे आणि आबांनी त्यात पडायचं नाही असं तिनं बजावलं आहे. आबांची अट एकच होती. घोडी पसंत पडली तर इसार देण्याआधी ताईनं तिच्या जिभेखाली बघायचं.